तराजू कोणी तोलायचा?

संगणक रखडू लागला की घरोघरी पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: व्हायरस शिरला. न्याय दर्शनाच्या तर्कशास्त्राच्या कसोटीवर हे अनुमान टिकत नाही. धूर असेल तिथे अग्नी असतोच. मंदपणा असेल तिथे व्हायरस असतोच असे नाही. म्हातारी हार्ड डिस्क, अपुरी रॅम, यंत्र सुरू होताच आपोआप उघडणारे दहा-बारा प्रोग्राम, पंख्यात साचलेली धूळ यांनीही वेग मंदावतो. साध्य (इथे व्हायरस) नसतानाही आढळणाऱ्या अशा हेतूला (इथे मंदपणा) नैयायिक सव्यभिचार म्हणतात. उलट, पासवर्ड चोरणाऱ्या मालवेअरचा भार अनेकदा जाणवतही नाही.

तपासाचे साधन त्याच यंत्रात असते, आणि खरा पेच इथे सुरू होतो. टास्क मॅनेजर उघडताच काम थांबवणारे आणि तो बंद झाला की पुन्हा प्रोसेसर राबवणारे क्रिप्टोमायनर आढळले आहेत. ही युक्ती नवी नाही. 1986 मध्ये लाहोरहून पसरलेला ‘ब्रेन’ व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसे. तो मेमरीत असताना कोणी तो सेक्टर वाचू लागले, तर बाजूला जपून ठेवलेला मूळ सेक्टर पुढे करी. पाहणाऱ्याला सारे ठीक दिसे. फ्लॉपी तेवढी हळू चाले.

बाधित यंत्राने स्वतःबद्दल दिलेली ग्वाही कितपत मानायची? भारतीय दर्शनांत हा वाद प्रामाण्यवाद म्हणून ओळखला जातो. मीमांसक कुमारिल भट्टाच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक ज्ञान पुढे येईपर्यंत त्याला बाहेरच्या दाखल्याची गरज नाही. नैयायिकांना दाखला बाहेरचाच हवा. त्याआधी बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने दोन्ही वाटा अडवल्या होत्या: प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, स्वतःला सिद्ध करू शकत नाही, आणि दुसऱ्या प्रमाणाने सिद्ध करायचे तर त्या दुसऱ्यासाठी तिसरे लागते. न्यायसूत्रांनी यावर तराजूचा दाखला दिला. तराजू वस्तू तोलतो, तसा प्रसंगी तो स्वतःही तपासला जातो; एकच गोष्ट कधी प्रमाण असते, कधी प्रमेय, म्हणजे जाणायची वस्तू.

जाणता दुरुस्तीवाला नकळत न्यायमतानेच चालतो. दुसऱ्या, निर्दोष संगणकावर अँटिव्हायरसची बूट होणारी पेन ड्राइव्ह तयार करायची, बिघडलेले यंत्र तिच्यावरून सुरू करायचे आणि मग डिस्क तपासायची. विंडोज जागीच होत नाही, त्यामुळे तिच्या आत लपलेल्याला खोटे बोलायला तोंड उरत नाही. पण पेन ड्राइव्ह बनवणारा संगणक निर्दोष कशावरून? केन थॉम्सन यांनी 1984 मध्ये छापलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात नेमके इथे बोट ठेवले. कंपायलरच भ्रष्ट केला, तर तो लॉगिनच्या प्रोग्राममध्ये चोरवाट घालतो आणि स्वतःच्या पुढच्या आवृत्तीतही तीच खोड उतरवतो. मूळ कोड कितीही वाचला तरी तिथे काही सापडत नाही. नागार्जुनाची अनवस्था, म्हणजे दाखल्यांची न संपणारी साखळी, ती हीच.

त्याच सुमारास फ्रेड कोहेन यांनी दाखवले, की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्राम असूच शकत नाही. समजा, तो आहे. मग एक खट्याळ प्रोग्राम त्यालाच विचारील, ‘मी व्हायरस आहे का?’ उत्तर ‘हो’ आले तर गप्प बसेल, ‘नाही’ आले तर पसरेल. दोन्ही उत्तरे चुकतात. फॉरमॅट मारणे हा अखेरचा उपाय खरा. पण 2018 मध्ये उघडकीस आलेले लोजॅक्स हे मालवेअर मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये राही, आणि डिस्क बदलूनही जात नसे.

दाखल्यांची ही साखळी नैयायिक व्यवहारात तोडतात: पाणी प्यायल्यावर तहान भागली, तर ते मृगजळ नव्हते. संगणकाला हा निकष लावताना मात्र फळ कोणते धरायचे ते पाहावे लागते. वेग परत आला, एवढ्यावरून यंत्र स्वच्छ ठरत नाही. मंदपणा जितका कच्चा हेतू होता, तितकाच वेगही. म्हणून सफाई झाल्यावरही बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या यंत्रावरून.