शेवटचे दर्शन

माघ सरून फाल्गुन लागला म्हणजे आपल्या देशावर पक्ष्यांचे दोन व्यवहार एकाच वेळी सुरू होतात. एकीकडे कोकिळास कंठ फुटतो, तांबटाचे ठोके भर दुपारीही थांबत नाहीत, दयाळ पहाटेस गाऊ लागतो आणि फुललेल्या पळसावर मधासाठी भोरड्यांचे थवे कलकलाट करतात. दुसरीकडे हिवाळ्याचे पाहुणे निघण्याच्या तयारीस लागतात. येणाऱ्या वसंताची वर्दी सर्वांस मिळते. जाणाऱ्या पाहुण्यांस निरोप मात्र कोणी देत नाही. या साध्या गोष्टीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते.

परीट पक्ष्याचेच उदाहरण घ्या. पावसाळा संपता संपता तो नदीकाठी, गच्चीवर, शाळेच्या पटांगणात शेपटी वरखाली हलवीत अवतरतो. पहिल्या दिवशीच तो डोळ्यांत भरतो, कारण काल तो तेथे नव्हता. परंतु उन्हाळ्याच्या तोंडी तो जातो, तेव्हा ज्या सकाळी आपण त्यास अखेरचे पाहिले ती सकाळ अखेरची होती, हे त्या सकाळी आपणांस ठाऊक नसते. कुंपणावर शेपटी थरथरवीत बसणाऱ्या थिरथिऱ्याचे तेच, आणि नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावरील बदकांचेही तेच. आगमन ही घटना आहे. प्रयाण हे अनुमान आहे. जो रोज पाहतो आणि रोज लिहितो, त्यासच शेवटचे दर्शन सापडते.

म्हणून पक्षिनिरीक्षकाच्या वहीत 'दिसला' या शब्दाइतकीच 'दिसला नाही' या शब्दांची किंमत असते. पण दुसरे शब्द लिहिण्यास मन सहसा धजत नाही. गतवर्षी या दिवसांत थिरथिरा होता, शेजारच्यांनी कालच पाहिला, तेव्हा आपणही पाहिला असलाच पाहिजे, अशा समजुतीने पानांआड गडप झालेला एखादा काळसर ठिपका थिरथिरा ठरतो. यात कोणाचे धन बुडाले नाही की कोणाची अब्रू गेली नाही. मग असे असत्य निरुपद्रवी मानावे काय?

याचे उत्तर रानपिंगळ्याच्या इतिहासात मिळते. तो हिवाळी पाहुणा नव्हे, मध्य भारताच्या रानांतला कायमचा रहिवासी आहे; तथापि शेवटच्या दर्शनाचा प्रश्न त्याच्याइतका कोणी कठोरपणे मांडलेला नाही. १८७३ साली ह्यूम यांनी या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. पुढील दशकात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने मिळविले, आणि १८८४ नंतर तो दिसेनासा झाला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याने मात्र आपल्या संग्रहातील एक नमुना १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळविल्याचे नमूद केले होते. पुढे संशोधकांनी सिद्ध केले की, तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला होता. ही खोटी नोंद बाजूस सारून आणि जुन्या खऱ्या नोंदींचा माग धरून गेल्यावर, नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी यांस शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. मध्यंतरी ११३ वर्षे लोटली होती!

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कपटाशी घरच्या वहीतल्या उतावळेपणाची तुलना करणे अन्यायाचे आहे. हेतूच्या दृष्टीने ते खरेच आहे. परंतु दोहोंचा परिणाम एकाच वाटेने घडतो. न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी होते. येथे पक्षी उडून गेलेला असतो आणि मागे उरतो तो केवळ पाहणाऱ्याचा शब्द. आज तर अशा सहस्रावधी सामान्य माणसांच्या नोंदी एकत्र करूनच पाहुणे लवकर निघू लागले की काय, त्यांची संख्या रोडावली की काय, हे ठरविले जाते. त्या राशीत मिसळलेला खोटा दाणा पुढे कोणासही निवडता येत नाही. जेथे आपणांस पकडणारा कोणी नाही, तेथे खरे बोलणे हीच सत्यनिष्ठेची खरी परीक्षा होय. आणि ती देण्यास मोठे प्रसंग यावे लागत नाहीत, फाल्गुनातली एक सकाळ पुरते.

मुलांच्या हाती दुर्बीण देणाऱ्या आईबापांनी त्यांस पक्ष्यांची नावे अवश्य शिकवावीत. पण त्याआधी 'एक पक्षी दिसला. ओळख पटली नाही' हे वाक्य न लाजता लिहिण्यास शिकवावे. ते वाक्य ज्यास लिहिता येते, त्याच्या 'दिसला' या शब्दावर पुढच्या पिढीने विसंबावे.