दर्शन आणि प्रेक्षण : वस्तुसंग्रहालयातील मूर्तीचा प्रश्न

मूर्ती वस्तुसंग्रहालयात आली की ती कलाकृती होते, हे विधान आपल्या कलाविचारात इतके रुळले आहे की त्यातील ‘होते’ या क्रियापदाकडे सहसा लक्ष जात नाही. हे रूपांतर कोण घडवतो आणि त्यात कोणाचा कोणता अधिकार संपुष्टात येतो, हे प्रश्न सौंदर्यशास्त्राचे आहेत तितकेच नीतीचेही आहेत.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०२३-२४ मध्ये भारत, ईजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोम येथील प्राचीन शिल्पे एकत्र मांडण्यात आली होती. परदेशी शिल्पे लंडन आणि बर्लिन येथील संग्रहालयांकडून उसनी आणलेली होती. अशा मांडणीत सारी दैवते एका पातळीवर येतात. काळ, माध्यम आणि प्राप्तिस्थान एवढीच त्यांची ओळख उरते. तौलनिक दृष्टीला ही समपातळी आवश्यकच असते. तथापि ग्रीक किंवा ईजिप्शियन दैवतांची उपासनापरंपरा शतकांपूर्वी खंडित झाली, तर भारतीय दैवतांची आजही चालू आहे. पहिल्यांना संग्रहालय आश्रय देते. दुसऱ्यांना ते चालू असलेल्या संवादातून उचलून घेते. समान वागणूक ही प्रत्येक वेळी न्याय्य वागणूक असतेच असे नाही.

या संदर्भात परळच्या शिवशिल्पाचे उदाहरण उद्‌बोधक आहे. १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना ही अखंड शिळा सापडली. एकातून एक उगवणारी सात शिवरूपे तीवर कोरलेली आहेत. मूळ शिल्प परळच्या बारादेवी मंदिरात आजही पूजेत आहे. वस्तुसंग्रहालयात आहे ती त्याची प्लास्टरची प्रतिकृती. मंदिर देवीच्या नावाने ओळखले जाते आणि कलेतिहास त्याच शिळेत शिव वाचतो. म्हणजे अभ्यासकाला निर्वेध पाहता येते ती प्रतिकृती, आणि भाविकासमोर असते ते मूळ. वॉल्टर बेंजामिनने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात पूजामूल्य आणि प्रदर्शनमूल्य असा भेद केला. त्याच्या विवेचनात इतिहासाचा कल पहिल्याकडून दुसऱ्याकडे आहे. परळमध्ये मात्र एक मूल्य दुसऱ्याची जागा घेत नाही. एकाच शहरात दोन्ही एकाच वेळी नांदतात.

यावरून मूर्तीला तिच्या मूळ संदर्भात परत न्यावे, एवढाच निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो पुरेसा नाही. कारण संदर्भ निरागस नसतो. हे वस्तुसंग्रहालय जनतेसाठी १९२२ साली खुले झाले. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्यांना १९३० साली सत्याग्रह सुरू करावा लागला. ज्यांना देवळाच्या दाराशी अडवले जात होते, त्यांना देवाचे रूप जवळून न्याहाळण्याची मुभा देणारी जागा कोणती होती, हे विसरून केलेला संदर्भशोक अप्रामाणिक ठरतो. दर्शनात देवही भक्ताकडे पाहतो, असे आपण म्हणतो. परंतु त्याने कोणाकडे पाहावे हे दीर्घकाळ माणसांनीच ठरवले होते. प्रेक्षकाची अलिप्तता हा केवळ तोटा नाही. ती एक मिळवलेली मोकळीकही आहे.

तेव्हा प्रश्न दर्शन की प्रेक्षण, असा नाही. प्रत्येक पाहणे दुसऱ्या एखाद्या पाहण्याला झाकते, आणि जे झाकले गेले त्याचा निर्देश करण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर व मांडणाऱ्यावर येते. मूर्ती कोठे सापडली, हे परिचयपट्टी सांगते. तिच्यासमोर कोण उभे राहू शकत होते आणि कोण नाही, हेही तिने सांगितले पाहिजे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही अडचण परकी वाटू नये. पारायणातील ज्ञानेश्वरी आणि राजवाड्यांनी १९०९ साली जुन्या हस्तलिखितावरून सिद्ध केलेली ज्ञानेश्वरी यांत अशीच दोन पाहणी आहेत. पाठचिकित्सा श्रद्धेला उत्तरदायी नसते. परंतु ज्यांच्या मुखी ती ओवी शतकानुशतके राहिली, त्यांना केवळ पाठभेदांचे कारण मानणारी चिकित्सा आपल्या संहितेचा इतिहास अर्धाच वाचते.