मागून आणलेली गाडी

गाडी सावलीत घ्या. सांगोल्यात सावली शोधावी लागते. लिंब असेल तर लिंबाखाली, नाहीतर दुपार टळल्यावर घराच्या पूर्वेच्या भिंतीशी. मधल्या स्टँडवर चढवा. पान्न्यांची पिशवी अजून सोडू नका. आधी नुसतं बघायचं आहे, आणि बघायला वेळ द्यायचा आहे.

समजा, गाडी मामांची आहे. तुम्हाला काही महिने गावाकडं राहायचंय, फिरायला काही हवं, म्हणून तुम्ही मागितली आणि त्यांनी किल्ली हातावर ठेवली. "ने की. चालतीया अजून." टाकीवर 'हिरो होंडा' ही अक्षरं आहेत, म्हणजे २०१०-११ मध्ये त्या दोन कंपन्या वेगळ्या झाल्या त्याच्या आधीची. पाटी एमएच-१३ ची, म्हणजे सोलापूरची. स्प्लेंडर १९९४ साली बाजारात आली. तिच्या पोटातलं शंभर सीसीच्या आतलं इंजिन त्याआधीच, १९८५ पासून, सीडी-१०० मध्ये आपल्या रस्त्यांवर धावत होतं. माणदेशातल्या कितीतरी घरांत बैलजोडी गेली आणि त्या दावणीच्या जागी ही गाडी उभी राहिली.

आता हँडलची रबरं बघा. उजवं झिजून गुळगुळीत झालंय, डाव्यावर अजून नक्षी आहे. सीट पुढच्या बाजूला दबलेली, मागं फुगीर. मामा बहुतेक एकटेच फिरले. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना रंग खरवडून पत्रा उघडा पडलाय, तिथं दुधाचे कॅन अडकवत असत. इंजिनखाली तेल आणि फुफाटा यांचा जाड थर बसलाय. मागच्या ब्रेकचा पाय दाबून बघा: किती खोल जातो, मग कुठं लागतो. क्लच ओढा. वायर कोरडी झाली असेल तर ती बोटांना खरखरीत लागते.

इथवर येईपर्यंत मनात एक वाक्य उमटलेलं असतं: केवढं दुर्लक्ष केलंय मामांनी! येऊ द्या ते. पण लगेच पान्ना उचलू नका. त्या वाक्याजवळ थोडं थांबा आणि विचारा, हे दुर्लक्ष कोणत्या वर्षांतलं असेल?

गाडी ज्या वर्षांत राबली ती वर्षं आठवून बघा. सांगोला तालुका पर्जन्यछायेतला. इथं डाळिंबानं घरं उभी केली, अजनाळ्यासारख्या गावांचं नाव डाळिंबामुळं दूरवर गेलं. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. आणि त्याच सुमाराच्या वर्षांत तेल्या, मर आणि खोडकिडीनं बागांच्या बागा वाळल्या, लोकांनी लेकरासारखी वाढवलेली झाडं मुळासकट उपटून बांधावर टाकली. अशा वर्षी घरात पैसे कशावर आधी खर्च होतात? बोअरची मोटार जळली तर ती त्याच दिवशी भरून आणावी लागते. फवारणी थांबत नाही. पोराची फी भरावी लागते, म्हातारीचं औषध आणावं लागतं. आणि गाडी? गाडी तर चालतीया. जे कुरकुर करत का होईना चालत राहतं, त्यालाच घर थांबायला सांगतं. पुढच्या बाराला बघू, म्हणतं. त्या थकलेल्या सर्व्हिसिंगमध्ये आळस असेलही थोडा, माणूस आहे. पण तुमच्यासमोर उभा आहे तो बराचसा एका घराच्या ओढाताणीचा हिशेब आहे, असं मला मनापासून वाटतं. तो वाचायची संधी गाडी मागणाऱ्यालाच मिळते. मालक रोज तिच्यावर बसतो, त्याला ती दिसत नाही.

कायद्यानंही या नात्याचा विचार केलाय. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १५० सांगतं की वस्तू देणाऱ्यानं तिच्यातले त्याला माहीत असलेले दोष घेणाऱ्याला सांगावेत. कलम १५१ सांगतं की घेणाऱ्यानं तिची काळजी अशी घ्यावी, जशी एखादा साधा समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल. या दुसऱ्या वाक्यावर जरा रेंगाळा. स्वतःच्या वस्तूची आपण तरी किती काळजी घेतो? आपल्याच गाडीचं ऑइल आपण किती वेळा पुढं ढकललंय? मला वाटतं, आपल्याकडची जुनी रीत या कलमाच्या पुढं जाते. एकेकच बैल असलेले दोन शेतकरी वारंगुळा करत, दोघांचे बैल मिळून एक जोडी होई आणि आळीपाळीनं दोघांची रानं नांगरली जात. दुसऱ्याचा बैल उपाशी परत पाठवणं कुणाला शोभत नसे. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू ओढून दुखावलेल्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तूप चोळतात. काम करून घेतलं त्या जागेलाच हात लावायचा, ही त्यातली समज. गाडीलाही खांदे असतात. तिचा भार जिथं पडतो तिथं आज हात लावायचा आहे.

आता पिशवी सोडा. त्याआधी मामांना एक फोन मात्र करा: "मामा, गाडीचं जरा काम करून घेतो, चालेल ना?" गाडी त्यांची आहे, तिच्यातला नटसुद्धा त्यांना विचारून हलला पाहिजे.

ऑइलपासून सुरुवात करा. इंजिन चार-पाच मिनिटं चालू ठेवून बंद करा. गरम ऑइल पातळ होतं आणि तळचा गाळ सोबत घेऊन येतं. खाली परात सरकवा, ड्रेन बोल्ट सोडा. जे पडेल ते काळं असेल. डोकं लगेच दुसरीकडं नेऊ नका, धार संपेपर्यंत बसा. धारेची दोरी होते, दोरीचे थेंब होतात, दोन थेंबांतलं अंतर वाढत जातं. एक थेंब बोटांच्या चिमटीत चोळून बघा. धातूची बारीक चमक दिसली तर ती इंजिनच्या आतल्या झिजेची आहे. या इंजिनात कारसारखा कागदी ऑइल फिल्टर नसतो. उजव्या झाकणाखाली एक गोल डबी इंजिनबरोबर गरगर फिरते आणि जड कचरा त्या वेगानं तिच्या भिंतीला जाऊन चिकटतो. सोबत एक जाळी असते. नुसतं ऑइल बदलून ही डबी साफ होत नाही. झाकण उघडावं लागतं, नवं पॅकिंग लागतं. पहिल्यांदा करत असाल तर सांगोल्यातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीकडं न्या आणि तो उघडेल तेव्हा शेजारी उभे राहा. आत भिंतीवर जमलेला डांबरासारखा थर त्याच्या पातळ पट्टीनं निघताना बघा. टॅपेटही त्याच्याकडूनच, इंजिन थंड असताना तपासून घ्या. ती फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजायची असते.

नवं ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं घाला. जळकं ऑइल बाटलीत भरून गॅरेजवाल्याच्या पिंपात द्या. ओढ्यात, विहिरीच्या अंगाला, माण नदीच्या पात्राकडं अजिबात ओतू नका. ज्या तालुक्यानं टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढले, तिथं हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो, आणि तो चढू द्यावा असंच मला वाटतं.

मग एअर फिल्टर. पाऊस कमी असलेल्या मुलखात गाडीचा खरा वैरी फुफाटा. फिल्टर धुळीनं बुजला की इंजिनला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतं. प्लग काजळतो, ॲव्हरेज पडतं. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, वाळवून हलकंसं ऑइल लावून बसवतात. कागदी असेल तर सरळ बदलतात. हातातल्या त्या मळकट तुकड्याकडं बघा. कडलास, जवळा, घेरडी, कोळा, सगळ्या वाटांची माती त्यात आहे. प्लग काढा. टोक तपकिरी असेल तर आतलं जळणं बरं चाललंय. ते काळंकुट्ट असेल तर फिल्टर आणि कार्बोरेटर बघायचे. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेतं तेव्हा आत २००० स्फोट होतात, दोन फेऱ्यांना एक. मामा पंढरपूरला जाऊन येईपर्यंत ते किती वेळा झाले असतील याचा अंदाज करत प्लग घासा.

टाकीत टॉर्च मारून बघा. गाडी बराच काळ उभी असेल तर तळाला गंज असतो. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्याचा विचार करून बनवलेल्या नव्हत्या. नळी वाकवून बघा; भेगा दिसल्या तर बदला, थोडक्या पैशांचं काम आहे. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का शोधा. २३१४ असेल तर टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी शिल्लक असली तरी सोलापूरच्या उन्हानं रबर कडक होतं. तिथं मन घट्ट करा आणि टायर बदला. कागदही आत्ताच काढा: आरसीची पंधरा वर्षं पुरी झाली असतील तर नूतनीकरण झालंय का, विमा चालू आहे का, पीयूसी आहे का. विमा संपला असेल तर तो भरेपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढू नका.

चेनला सगळ्यांत जास्त वेळ द्या. या गाडीची चेन पूर्ण कव्हरात असते. धुळीपासून वाचावी म्हणून झाकली, आणि झाकलेली म्हणून विसरली गेली. कव्हरवरचं रबरी बूच काढा, आत बोट घाला, चेन वरखाली हलवा. दोन-तीन सेंटिमीटर हलायला हवी. आता मागचं चाक हातानं हळूहळू फिरवा आणि पुन्हा बघा, पुन्हा फिरवा, पुन्हा बघा. जुनी चेन सगळीकडं सारखी वाढत नाही. कुठं सैल लागेल, कुठं ताठ. जिथं सगळ्यांत ताठ आहे तिथं माप धरायचं. सैल जागा बघून आवळली तर ताठ जागी ओढ बसते आणि बेअरिंग जातं. चाक फिरवताना बोलू नका, ऐका. कट्, कट् असा आवाज ठरावीक जागी येत असेल तर एखादी कडी आखडलीय. स्प्रॉकेटचे दात टोकदार होऊन एका अंगाला झुकले असतील तर नुसती चेन बदलून उपयोग नाही, पूर्ण चेनकिटच घालावं लागेल. ॲक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून आवळा. चाक मागं सरकलं की मागचा ब्रेकही ताणला जातो, म्हणून ब्रेक नंतर.

ब्रेकचे ड्रम उघडाल तेव्हा आतली काळी भुकटी तोंडानं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. लायनर झिजले आहेत का ते बाहेरचा बाण दाखवतो: ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपाशी आला की बदलायची वेळ झाली. नवे बसवा, पिव्होटला नखाएवढं ग्रीस लावा, रॉडवरचा नट अर्धा-अर्धा फेरा आवळत चाक फिरवून बघा. घासता कामा नये, आणि दाबलं की धरलं पाहिजे.

हात पुसा. जे करायचं नाही तेही ठरवा. टाकीवरचा पोचा काढू नका. पुढच्या मडगार्डवरचं विठोबाचं स्टिकर अर्धं गेलंय, तसंच राहू द्या. आरसा वाकडा वाटतो तो तुमच्या उंचीला. मामांच्या उंचीला तो बरोबर आहे. गाडी सुरक्षित करणं तुमच्याकडं आलंय, ती तुमच्यासारखी करणं तुमच्याकडं आलेलं नाही. ही रेघ प्रत्येक नटापाशी नव्यानं ओढावी लागते, आणि मला वाटतं दुसऱ्याच्या वस्तूची सेवा करण्यातलं अवघड ते एवढंच आहे. खर्चाचं म्हणाल तर तो निमूट करा. महिनोन् महिने गाडी वापरणार आहात.

मग एक फेरी मारा. महूदच्या रस्त्याला, सकाळी, वाहतूक कमी असताना. वेग वाढवण्याआधी मोकळ्या जागी दोन्ही ब्रेक दोन-चार वेळा दाबून घ्या. मागून येणारा चेनचा आवाज गेलेला असेल. तो गेलाय हे तुमच्या कानांना थोड्या वेळानं कळेल.

गाडी परत द्यायच्या दिवशी एका गोष्टीचं भान ठेवा. मामांच्या पायाला खोलवर दाबायची सवय झालीय. ब्रेक अर्ध्यापलीकडं गेल्यावर लागतो, हे त्यांच्या गुडघ्यानं वर्षानुवर्षं शिकून ठेवलंय. तुम्ही तो नीट केलात, आता तो वरच लागतो. न सांगता किल्ली दिलीत तर पहिल्याच वळणावर, वाळूवर, ते नेहमीसारखा जोरात पाय देतील आणि मागचं चाक जागच्या जागी धरेल. तेव्हा आधी सांगा: "मामा, ब्रेक आता वरच लागतोय, हळू दाबा." ते "हां हां" म्हणतील. त्यावर राहू नका. त्यांना गाडीवर बसवा, गल्लीच्या टोकापर्यंत सावकाश जाऊन यायला सांगा, तिथं दोन-तीनदा ब्रेक दाबायला लावा, तुम्ही शेजारून चाला. पायाला जमत नसेल तर पान्ना काढा आणि नट एक फेरा सैल करून द्या. पुढच्या रविवारी ते बाजाराला येतील तेव्हा अर्धा फेरा आवळा, त्याच्या पुढच्या रविवारी राहिलेला अर्धा.