मिस्त्रींना वर्गात बोलवा

१९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. पुढच्याच वर्षी या संस्थानाच्या राजधानीत, कोल्हापुरात, बाबूराव पेंटर यांनी शिष्य दामले यांच्या साथीनं सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. कोल्हापूरला हे दोन्ही वारसे मिळाले, शाळेचा आणि हातच्या कारागिरीचा. पण एका गावात राहूनही त्यांची म्हणावी तशी ओळख झालेली नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने ओळीनं उभे आहेत. कुशल माणसं मिळत नाहीत, ही मालकांची नेहमीची तक्रार. त्यावर उपायही ठरलेले: शाळांत विज्ञान प्रदर्शनं, रोबोटिक्सच्या कार्यशाळा, अटल टिंकरिंग लॅब, विद्यापीठातली व्याख्यानं. उपक्रमांची कमतरता नाही. मात्र एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. जोडणाऱ्या माणसाची जागा कोणाच्याच आस्थापनेवर मंजूर नाही.

या जोडणीतून काय साधेल, ते एका उदाहरणावरून कळतं. धातू तापला की प्रसरण पावतो, थंड झाला की आकसतो, हे वाक्य मुलं परीक्षेसाठी पाठ करतात. फाउंड्रीत त्याच वाक्यावर रोजचा धंदा चालतो. ओतीव लोखंड निवताना सुमारे एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, बनवणारा कारागीर तेवढी वाढ आधीच धरतो. मीटरभर लांब भाग हवा असेल तर लाकडी पॅटर्न सेंटिमीटरभर जास्त लांब. त्यासाठी त्याच्याकडे मुद्दाम मोठी मापं आखलेली पट्टी असते. ही पट्टी सातवीच्या वर्गात फिरली आणि तो कारागीर स्वतः फळ्यापाशी उभा राहिला, तर मुलांना आकुंचन समजेल. शिवाय हाताचं काम करणाऱ्यालाही पुष्कळ कळतं, हे समजेल.

नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सोबत घालवायची सूचना आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तोही हात आणि डोकं एकत्र शिकतात याच विश्वासावर. तेव्हा कल्पना जुनी आहे. प्रश्न धीराचा आहे. कारखानदाराला माणूस पुढच्या ऑर्डरसाठी हवा असतो, सातवीतलं मूल कामाला लागेपर्यंत निदान आठ-दहा वर्षं जातात. तेवढी वाट पाहणं एकट्या मालकाला परवडत नाही. ते विद्यापीठ, जिल्हा परिषद आणि उद्योजकांच्या संघटना यांनी मिळूनच करायला हवं. असा धीर इथं नवा नाही: १९०१ पासून वसतिगृहं उभारताना शाहूंनी तिथल्या मुलांनी पुढे कोणती नोकरी करावी, हे ठरवून टाकलं नव्हतं.

तरीही एक गाठ उपक्रमांनी सुटत नाही. भट्टीपाशी आयुष्य घालवलेला बापच पोराला सांगतो, ‘तू या लाईनीत येऊ नकोस.’ त्याला विज्ञानाचं महत्त्व कोणी समजावून सांगायची गरज नाही. त्याला उष्मा, धूळ, तुटपुंजा पगार आणि ‘हेल्पर’ म्हणून मारलेली हाक ठाऊक आहे. पोरांना फाउंड्री दाखवायला नेलं, तर ती हेही पाहतील. मग मनुष्यबळ घडवायची जबाबदारी फक्त शाळेवर टाकून चालणार नाही. कारखान्यालाही आपलं काम, पगार आणि वागणूक सुधारावी लागेल. सहलीहून परतलेल्या मुलाला बाप बिनदिक्कत ‘ये’ म्हणू शकला, तरच हा समन्वय साधला. नाहीतर आपण मुलांना उत्तम विज्ञान शिकवू आणि ती ते घेऊन पुण्याच्या गाडीत बसतील. त्यात त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.