एका नाडीचे दोन क्रमांक

1952 च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात पोलिओचे रुग्ण रोज येत होते आणि ज्यांच्या श्वासाचे स्नायू लुळे पडत त्यांतले बहुतेक दगावत होते. अशा रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण वाढलेलं दिसे. डॉक्टर त्यावरून रक्त अल्कधर्मी झाल्याचं निदान करत, आणि तिथेच अडत. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावलं, तेव्हा त्याने तोच आकडा वेगळा वाचला. फुप्फुसांतून हवा पुरेशी खेळत नाही, म्हणून हा वायू शरीरात साठतोय, असं तो म्हणाला. मग गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबत श्वास द्यायचा, असं सुरू झालं. सुमारे 1,500 वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस त्या पिशव्या दाबल्या. पुढच्या वर्षाच्या अखेरीस इब्सेनने त्याच शहरात असा स्वतंत्र विभाग उघडला. आजच्या आयसीयूचा जन्म बहुतेक जण तिथेच मानतात.

आकडा आधीपासून समोर होता आणि बरोबरही होता. चुकत होतं ते वाचन. बाहेरून आलेल्या एका माणसाला तो पुन्हा वाचता आला, म्हणून पुढचं सगळं घडलं. आयसीयूच्या संगणकप्रणालींच्या बाजाराचा विचार करताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. हा बाजार नोंदी ठेवण्याची सोय विकतो. त्या नोंदी उद्या कोणाला, किती सहज पुन्हा वाचता येतील, हे मात्र करारातल्या बारीक अक्षरांत ठरतं.

मॉनिटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप आणि लॅबचे रिपोर्ट हे सगळं वेळेनुसार एका पडद्यावर आणणं, हे या प्रणालींचं काम. सुरुवात रुग्णालयांच्या आतूनच झाली. सॉल्ट लेक सिटीच्या एलडीएस रुग्णालयात होमर वॉर्नर या डॉक्टरांनी 1960 च्या दशकात संगणकाला खाटेपर्यंत आणलं. पुढे हे काम कंपन्यांकडे गेलं, आणि कंपन्या एकमेकींना विकल्या जाऊ लागल्या. ह्यूलेट-पॅकार्डचा वैद्यकीय विभाग 1999 मध्ये ॲजिलंटकडे आणि 2001 मध्ये फिलिप्सकडे गेला. आजाराची तीव्रता मोजणाऱ्या ‘अपाची’ गुणांकनाचंही तसंच झालं. 1985 ची दुसरी आवृत्ती नियतकालिकात छापलेली होती, कुणीही कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करावी. तिसऱ्या आवृत्तीची समीकरणं मात्र विकत घ्यावी लागू लागली.

या सगळ्याचा परिणाम कसा होतो, हे बोस्टनमध्ये अगदी जवळून पाहता येतं. तिथल्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाच्या आयसीयूंतल्या 2001 ते 2012 च्या नोंदी, नावं-पत्ते काढून, एमआयटीने संशोधकांसाठी विनामूल्य खुल्या केल्या. चाळीस हजारांहून अधिक रुग्ण आहेत त्यात. ‘मिमिक’ नावाच्या या संग्रहातून जगभर अभ्यास झाले. पण 2008 मध्ये रुग्णालयाने केअरव्ह्यू ही प्रणाली सोडून मेटाव्हिजन घेतली, आणि संग्रहाला मधोमध सांधा पडला. नाडीच्या ठोक्यांचा क्रमांक आधीच्या प्रणालीत 211, नंतरच्या प्रणालीत 220045. सलाईन आणि औषधांच्या नोंदी तर दोन वेगळ्या तक्त्यांत, वेगळ्या पद्धतीने मांडलेल्या. अभ्यासकाने पहिला क्रमांक विचारला आणि दुसरा विसरला, तर 2008 नंतरच्या माणसांची नाडीच हाती लागत नाही. रुग्णालय तेच, आजारही तेच. बदलला फक्त विक्रेता. आणि हा सांधा दिसतो तरी, कारण संग्रह खुला आहे. ज्या रुग्णालयांनी प्रणाली बदलताना जुनं सगळं मागे सोडलं, तिथे काय गेलं हे कुणी मोजणार नाही.

वाचनच विकलं जातं तेव्हा प्रश्न आणखी गंभीर होतो. अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत एपिक कंपनीचं, जंतुसंसर्गातून होणाऱ्या सेप्सिसची आगाऊ सूचना देणारं प्रारूप वापरात होतं. आतलं गणित कंपनीचं खासगी. 2021 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी स्वतःच्या रुग्णांवर ते तपासलं, तेव्हा सेप्सिस झालेल्यांपैकी 67 टक्के रुग्ण त्याच्या नजरेतून निसटले होते, आणि तरीही दाखल झालेल्या एकूण रुग्णांपैकी 18 टक्क्यांबाबत त्याने इशारे दिले होते. एवढं कळायला बाहेरच्या माणसांना ते पुन्हा वाचावं लागलं.

मी या प्रणालींच्या विरोधात नाही. आपल्याकडच्या कितीतरी आयसीयूंत अजून खाटेच्या पायाशी तो मोठा चार्ट असतो: वर तासांचे रकाने, खाली बीपी, नाडी, ऑक्सिजन, व्हेंटिलेटरचं सेटिंग, आणि तळाशी इनटेक-आउटपुट. सिस्टर दर तासाला युरिन बॅगकडे वाकून पाहते आणि आकडा लिहिते. ते वाकून पाहणं मोलाचं आहे; त्या वेळी तिला रुग्णाच्या पायावरची सूजही दिसते. पण दोन खाटांवर एकदम धावपळ झाली की रकाने कोरे राहतात आणि शिफ्ट संपताना आठवून भरले जातात. डोसाच्या आकड्यातला दशांशचिन्हाचा ठिपका पुसट असला तर औषध दसपट जाऊ शकतं. शिवाय रुग्ण घरी गेला की तो कागद रेकॉर्डरूमच्या गठ्ठ्यात जातो, आणि दहा वर्षांतले शंभर सारखे रुग्ण शेजारी ठेवून पाहावेत असं कुणाला वाटलं तरी जमत नाही. संगणकाने हे साधतं, म्हणून तो हवाच.

मात्र टेंडर काढताना आपण खाटा मोजतो, किंमत आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) पाहतो, फार तर पडद्यावरचा रंगीत आलेख. चेन्नईच्या अतिदक्षतातज्ज्ञांनी चालवलेल्या भारतीय नोंदवहीने, ‘आयरिस’ने, दुसरी वाट घेतली आहे. श्रीलंकेत घडवलेल्या प्रणालीवर वेगवेगळ्या रुग्णालयांचे आयसीयू एकाच व्याख्येने नोंदी ठेवतात, म्हणजे एकाची नोंद दुसऱ्याला वाचता येते. खासगी प्रणाली घेणाऱ्यानेही एवढं मागायला हरकत नाही: करार संपेल त्या दिवशी सगळ्या नोंदी, क्रमांकांच्या अर्थासकट, उघड्या स्वरूपात रुग्णालयाच्या हाती द्यायच्या, आणि त्याचे वेगळे पैसे लावायचे नाहीत. ही अट सही होण्याआधीच घालावी लागते. नंतर विक्रेत्याला ती मान्य करण्याचं काही कारण उरत नाही.