चोख माप

माणसाचे कसब आणि त्या कसबाचे फळ यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा, की दोन निरनिराळ्या वह्यांत, हा प्रश्न मला पंचाहत्तराव्या वर्षी पडला. आणि पडला तोही एका मद्यालयात! फराळाच्या ताटाशेजारी हा विषय काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. दारूच्या चवीविषयी मला काहीच सांगता येणार नाही. मी ती घेत नाही.

माझा भाचा तोक्योत नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असता एका संध्याकाळी तो म्हणाला, "मामा, देवळं पाहिलीत, बागा पाहिल्यात. आता इथली कारागिरी पाहायला चला." कारागिरी म्हटल्यावर मी लगेच उठलो. गिंझा भागातल्या एका इमारतीच्या तळघरात आम्ही उतरलो आणि मला उमगले, की भाच्याने मामाला बनवले आहे.

जेमतेम आठ खुर्च्या. गुळगुळीत लाकडाचा लांबलचक फळा आणि त्यामागे पांढरा कोट घातलेला, साठीचा एक गृहस्थ. त्याने आधी ऊन टॉवेल हातात दिला. मग बर्फाचा एक चौकोनी ठोकळा काढला. त्यात बुडबुडा नाही, पांढुरकी रेषा नाही. बर्फ सावकाश, एकाच बाजूने गोठवला की आतली हवा पुढे पुढे ढकलली जाते, म्हणून तो असा भिंगासारखा होतो. तो ठोकळा तळहातावर घेऊन त्याने सुरीने तासायला सुरुवात केली. कोपरे गेले, कडा गेल्या, शेवटी लिंबाहून थोडा मोठा गोळा उरला. गोल आकाराला पृष्ठभाग कमी, म्हणून तो सावकाश वितळतो आणि पेय लवकर पातळ होत नाही. आमच्या वाड्यातला सोनार नथ घडवताना जसा श्वास धरून बसे, तसा हा मनुष्य बर्फ घडवत होता. त्या बर्फाचे आयुष्य ते काय? फार तर तासभर!

भाच्याच्या प्याल्यात यामाझाकीची व्हिस्की पडली. मला दारू नको हे कळताच त्या गृहस्थाने युझू नावाच्या तिथल्या लिंबाचा रस, आले आणि सोडा घेऊन तितक्याच निगुतीने माझे पेय केले. बर्फही तसाच तासला. त्यात उणेअधिक केले नाही, हे मला फार आवडले.

भाचा इतिहास सांगू लागला. साके गाळणाऱ्या घराण्यातला मासाताका ताकेत्सुरू १९१८ साली स्कॉटलंडला विद्या शिकायला गेला आणि १९२० साली तिथल्या रीटा नावाच्या मुलीशी लग्न करून परतला. शिंजिरो तोरी याने १९२३ साली यामाझाकीला भट्टी उभारली, तिथे तो राबला. १९३४ साली त्याने उत्तरेला योइची येथे स्वतःचा कारखाना काढला. व्हिस्की पिंपात मुरायची, तोवर पोट कसे भरायचे? म्हणून त्याने सफरचंदाचा रस विकला. त्याची पहिली व्हिस्की बाजारात आली १९४० साली. एवढा धीर, एवढी निष्ठा!

मी मान डोलावत होतो, आणि एकाएकी मला काकू आठवली.

तो दारूबंदीचा काळ. थोरले काका हातभट्टीची पीत. आधी काकूच्या पाटल्या गेल्या, मग शेत गेले, पन्नाशीच्या आत काकाही गेले. त्यांना दारू देणाऱ्याविषयी काकू एकदा म्हणाली होती, "तसा वाईट नव्हता रे तो. माप कधी मारलं नाही त्यानं." लहानपणी मला या बोलण्याचा राग आला होता. चोख मापाने त्याने आमचे घर मोजून नेले!

महाभारतात या प्रश्नावर दोन माणसे उभी आहेत. मिथिलेचा धर्मव्याध मांस विकतो, आणि तपाचा गर्व झालेला कौशिक ब्राह्मण त्याच्याकडून धर्म शिकून जातो. काशीचा वाणी तुलाधार मात्र जाजलीला आपल्या दुकानाविषयी सांगताना एक गोष्ट मुद्दाम वगळतो: सगळे रस विकतो, मद्य नाही. त्याचा तराजू सर्वांना सारखा आहे; पण त्या तराजूत काय घालायचे, हेही त्याने ठरवले आहे. इतकी वर्षे मी धर्मव्याधाच्या बाजूचा होतो. त्या खुर्चीवर बसून मला तुलाधार जवळचा वाटू लागला, आणि समोर तर धर्मव्याधच उभा होता!

कोपऱ्यातल्या एका गिऱ्हाइकाची मान कलू लागली होती. आमच्या गृहस्थाने न सांगता त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि बाटली मागच्या फळीवर नेली. हातभट्टीवाल्याने काकांपुढे कधी पाणी ठेवले असेल का? ठेवलेही असेल. मला काय ठाऊक?

निघताना तो जिना चढून रस्त्यापर्यंत आला आणि वाकून उभा राहिला. वळणावरून मागे पाहिले, तर तसाच वाकलेला. मीही हात जोडले.

स्टेशनच्या पायऱ्यांवर सुटाबुटातला एक तरुण भिंतीला टेकून झोपला होता. बॅग छातीशी घट्ट धरलेली. त्यालाही कोणीतरी अशाच अदबीने प्याला दिला असेल. भाच्याने यंत्रातून पाण्याची बाटली काढून त्याच्याशेजारी ठेवली. "मामा, चला, गाडी चुकेल," तो म्हणाला. मी दोन पायऱ्या उतरलो आणि पुन्हा वर येऊन ती बाटली त्याच्या हाताशी थोडी जवळ सरकवली.