घसारा

मराठी माणसाला झिजण्याचे भारी कौतुक. एखादे गुरुजी निवृत्त झाले की निरोपसमारंभात निदान दोन वक्ते तरी त्यांना चंदनाच्या खोडासारखे सहाणेवर घासून काढतात. संस्थेसाठी झिजतो तो कार्यकर्ता, कुटुंबासाठी झिजते ती माउली, आणि एका दाखल्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवतो तो नागरिक. यांतल्या शेवटच्याचा तेवढा सत्कार होत नाही, कारण त्याच्या बाबतीत झिजतात त्या फक्त चपला.

मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यातून बँकेतला कारकून. आमच्याकडे झिजण्याला घसारा म्हणतात आणि त्यात कौतुकाचा भाग नसतो. हजार रुपयांचे एखादे यंत्र घ्या. दरसाल शिल्लक किमतीवर पंधरा टक्के घसारा लावत चला. दहा वर्षांनी वहीत १९७ रुपये उरतात, वीस वर्षांनी ३९, आणि तीस वर्षांनी साडेसात. गंमत अशी की शून्य कधीच होत नाही. वहीतले यंत्र अमर असते. प्रत्यक्षातले मात्र एखाद्या रविवारी सकाळी, पडद्याची दांडी बसवताना, भिंतीत अर्धा इंच शिरते आणि बंद पडते.

आमचे हातातले ड्रिल मशीन असेच बंद पडले. तसे ते दादाचे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे. दादा आयटीआयचा फिटर. १९९८ साली त्याने ते जुन्या बाजारात घेतले, तेव्हाच त्यावरची कंपनीची पट्टी पुसली गेली होती. त्यामुळे दोष द्यायचा म्हटला तरी कुणाला द्यावा हा प्रश्न होता. गेले काही महिने ते चालवताना मागच्या फटींतून निळ्या ठिणग्या उडत आणि जळकट वास येई. मध्येच थांबले तर पाठीत एक थाप मारावी लागे. थाप मारली की चालू होते, हे पाहून सौ. माझ्याकडे ज्या नजरेने पाहत असे, ती मला फारशी आवडत नसे.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, नवीन मागवू. उद्या घरपोच येईल." या पिढीला वस्तू बिघडली की डॉक्टर आठवत नाही, एकदम बारसे आठवते. आता सरकारलाही याची काळजी वाटू लागली आहे. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयासाठी समिती नेमली. ग्राहकाला सुटे भाग आणि माहिती मिळाली पाहिजे, असा तो विचार. उत्तम विचार. पण हक्क मिळाला म्हणून हातात स्क्रू-ड्रायव्हर धरता येतो असे थोडेच आहे!

संध्याकाळी दादा आला. त्याने मशीन हातात घेऊन विचारले, "उघडून पाहिलंस का?"

"मी बी. कॉम. आहे," मी म्हणालो.

"मग समोर बस आणि हिशेब तरी बघ."

त्याने आधी प्लग काढून बाजूला ठेवला. मोटरच्या दोन अंगांना बटणाएवढी दोन काळी झाकणे होती. इतकी वर्षे मी ती शोभेची समजत होतो. झाकण फिरवताच आतून स्प्रिंग उसळली आणि तिच्या टोकाला तांब्याची शेपटी असलेला काळा चौकोनी तुकडा बाहेर आला. हा कार्बन ब्रश. कारागीर त्याला नुसते 'कार्बन' म्हणतात. नवा असताना बोटाच्या पेराएवढा असावा. उरला होता हरभऱ्याच्या डाळीएवढा.

दादाने मग कारभार समजावून सांगितला. आत जे गरगर फिरते ते आर्मेचर. त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल असतो, तो कम्युटेटर. फिरत्या गोलाला वायर जोडता येत नाही, पिळा पडून तुटेल. म्हणून दोन्ही बाजूंनी स्प्रिंगच्या जोराने दोन कार्बन त्याला टेकवून ठेवतात. सगळी वीज या दोन तुकड्यांतून आत जाते आणि बाहेर येते. मिनिटाला हजारो फेरे तांबे कार्बनवर घासते. घासले की काहीतरी झिजणारच. ते काय असावे, एवढाच प्रश्न.

हा प्रश्न यंत्रवाल्यांनाही लगेच सुटला नव्हता. सुरुवातीच्या डायनामोंना तांब्याच्या तारांचे झुबके लावत. 'ब्रश' हे नाव त्यातूनच आले. तांब्यावर तांबे घासून ठिणग्यांचा नुसता दिवाळसण होई आणि दोन्ही खराब होत. १८८५ साली जॉर्ज फोर्ब्ज या स्कॉटिश शास्त्रज्ञाने कार्बन लावण्याचे पेटंट घेतले. कार्बन तांब्यापेक्षा मऊ. तो झिजतो, तांबे टिकते. घराघरातल्या मिक्सरपासून दादाच्या ड्रिलपर्यंत पुष्कळ मोटरी आजही त्या कल्पनेवर फिरतात. खुद्द फोर्ब्जसाहेबांना उतारवयात पैशांची चणचण सोसावी लागली आणि १९३६ साली ते वारले. मऊ पदार्थाचा शोध लावणारा माणूसही बहुधा मऊच असावा.

दुसऱ्या दिवशी जुना तुकडा खिशात घालून मी पैठण गेटकडच्या एका मोटर रिवायंडिंगवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी तुकडा बोटावर ठेवून पाहिला. "साब, मशीन अच्छी है. कार्बन तो घिसताच है, उसका कामच वो है." पन्नासची नोट दिली, जोडी मिळाली आणि सुटे पैसेही परत आले. एकच मागितला तर चाचा देईनात. कार्बन जोडीनेच बदलतात, एक नवा आणि एक जुना असला की दाब सारखा पडत नाही. निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "चार दिन और चलाते ना, तो स्प्रिंग तांबे को लगती. फिर आर्मेचर गया." म्हणजे कार्बन संपला तरी यंत्र चालवत राहिले, तर मग ज्याला वाचवण्यासाठी तो झिजला तेच खरवडून निघते.

घरी दादाने कम्युटेटरवरची काजळी पुसली, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला, काळी भुकटी फुंकून काढली आणि नवे कार्बन बसवले. पाच मिनिटे मशीन नुसते फिरवले. आधी थोड्या ठिणग्या उडाल्या. मग कार्बनला तांब्याची गोलाई आली आणि मशीन शहाण्यासारखे चालू लागले. पडदा लागला.

माझ्या डोक्यात मात्र चाचांचे वाक्य फिरत राहिले. उसका कामच वो है.

दादाच्या पन्नाशीला घरी जेवणे झाली होती. मामांनी भाषण केले. वडिलांचा पगार तुटपुंजा, म्हणून दादा आयटीआय करून वाळूजच्या कारखान्यात लागला, धाकट्याला कॉलेजात घातले, बहिणीचे लग्न केले, वगैरे. शेवटी मामा सहाणेपर्यंत आलेच. "हा आमचा चंदनासारखा झिजला!" दादा हसत म्हणाला, "मामा, चंदनाला कुणी विचारलं होतं का, झिजतोस का म्हणून?" सगळे हसले. दादा उठला आणि जिलेबी वाढायला गेला.

कुणीतरी मऊ असावेच लागते, हे मला मान्य आहे. घरात सगळेच तांब्याचे निघाले तर रोज ठिणग्या. आणि मऊ म्हणजे दुबळा असेही नाही, कारण सगळी वीज त्याच्यातूनच जाते. पण कार्बन आणि माणूस यांच्यात फरक आहे. कार्बनची नेमणूक मुद्दाम आणि उघडपणे झालेली असते. घरात ती आपोआप होते. कुणी थोरला असतो, कुणी सून असते, कुणाला नाही म्हणता येत नाही. मग आपण म्हणतो, "त्याचा स्वभावच तसा." ऑफिसातही बघा. वर्षानुवर्षे रोजंदारीवर असलेल्या शिपायाला सगळे 'फार गुणी' म्हणतात. गुणी आहे म्हणूनच कायम करायची कुणाला घाई नसते.

दुसरा फरक त्या झाकणाचा. यंत्र करणाऱ्याला माहीत होते की हा भाग झिजणार. म्हणून त्याने बाहेरूनच उघडेल असे झाकण ठेवले. सगळे यंत्र खोलावे लागत नाही. माणसाला तसे झाकण नसते. विचारावे लागते. आणि कौतुक केले की विचारायची गरज उरत नाही, ही कौतुकाची मोठी सोय आहे. घसारा लावण्यामागचा हेतू यंत्राचा गौरव करणे हा नसतो. काय खर्ची पडते आहे ते दरवर्षी दिसावे आणि पुढची तरतूद व्हावी, हा असतो. चंदनाच्या भाषणात तरतुदीचा रकाना मी अजून ऐकलेला नाही.

वाटणी निराळीही असू शकते. आमचे गाव, २०२३ पर्यंत औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर, पाणचक्कीचे. खापरी नळांतून आलेल्या पाण्यावर तिथे चक्की फिरे आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी दळण निघे. दगडी जात्यात दोन्ही तळ्या दगडाच्याच. एक फिरते, एक बसून असते, पण झिजतात दोन्ही. पूर्वी दारावर पाथरवट येत, तेव्हा बायका दोन्ही तळ्यांना टाकी लावून घेत. वरचीला लावली आणि खालचीला "तू फार सोशिक" म्हणून सोडली, असे कुणी केले नाही. तसे केले असते तर दळण जाडेभरडे निघाले असते, म्हणून हे शहाणपण आपोआप येई.

वडिलांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा असते, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी सहाला. चार तास जातात. दादा दुसऱ्या पाळीला असतो म्हणून नेण्याआणण्याचे त्याच्याकडे, अशी घराची व्यवस्था. हल्ली जिना चढताना त्याच्या गुडघ्यातून जो आवाज येतो तो त्या ड्रिलच्या जवळपासचा आहे. मी म्हणालो, "दादा, यापुढं मंगळवार माझा."

"तुला बँक आहे."

"बघतो मी."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग मंगळवारी सकाळी मी काय करू?"

"झोप."

"झोप येत नाही रे पाचनंतर," दादा म्हणाला. पण नको म्हणाला नाही.

मी मंगळवारी अर्धा तास उशिरा येऊन संध्याकाळी तो भरून देण्याचा अर्ज केला. कारणाच्या जागी काय लिहावे ते कळेना, म्हणून 'घरगुती दुरुस्ती' असे लिहिले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "किती दिवस चालणार ही दुरुस्ती?"

"दर मंगळवारी, साहेब," मी म्हणालो.